विश्लेषण : कॉलम, बीम, स्लॅब एकसंध कुणी केले? गवंडी फ्रान्स्वा एनबिक आणि आरसीसी इमारतीची गोष्ट

मुंबई असो, नाशिक असो की मडगाव, पाच-सात मजल्यांची नवी इमारत उभी राहताना पाहिली तर क्रम साधारण सारखाच दिसतो. आधी फुटिंग, मग कॉलमच्या उभ्या सळया, त्यांना आडव्या रिंगा, मग बीम आणि स्लॅबचे सेंट्रिंग. भिंती त्यानंतर येतात, कारण बहुतेक इमारतींत भार पेलण्याचे काम त्यांच्याकडे नसतेच. ते काम काँक्रीट आणि सळईच्या सांगाड्याचे. हा सांगाडा सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपभर पोहोचवणारे गृहस्थ म्हणजे फ्रान्स्वा एनबिक. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. ते दगडकाम करणारे गवंडी होते. सळई एकदा काँक्रीटमध्ये गेली की दिसत नाही. एनबिक यांचे मोठे यश आणि त्यांच्या पद्धतीला बसलेला मोठा धक्का, दोन्ही या एकाच गोष्टीशी जोडलेले आहेत.

फ्रान्स्वा एनबिक कोण होते?

उत्तर फ्रान्समधील अरास शहराजवळ नव्हील-सां-व्हास्त नावाचे गाव आहे. एप्रिल १८४२ मध्ये तिथे एनबिक यांचा जन्म झाला. लहान वयातच ते दगडकामाला लागले. पुस्तकापेक्षा छिन्नी-हातोडा आणि ओळंब्यावर त्यांचे शिक्षण झाले. १८६७ च्या सुमारास, पंचविशीत, त्यांनी स्वतंत्र ठेकेदारी सुरू केली. जुन्या चर्चची डागडुजी हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. पुढे कामानिमित्त ते शेजारच्या बेल्जियममध्ये गेले आणि ब्रसेल्समध्ये त्यांचा जम बसला.

जुन्या दगडी इमारती दुरुस्त करताना एक गोष्ट सतत समोर येते : भार कुठून येतो, कुठे उतरतो आणि तडा नेमका कुठे जातो. एनबिक यांना पुढे ज्या अंदाजाचा उपयोग झाला, तो याच कामातून आला होता.

त्याआधी बहुमजली घरे कशी बांधत?

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शहरांत पाच-सहा मजल्यांची घरे होतीच. पण त्यांचा भार दगड-विटांच्या जाड भिंतींवर असे. मजले वाढतील तशी खालची भिंत रुंद करावी लागे, म्हणजे तळमजल्यावरची जागा कमी होई. खिडकी मोठी ठेवायची तर भिंत कमजोर होई. मजल्यांसाठी लाकडी तुळया वापरत. आग लागली की तुळया जळत, मजले एकावर एक कोसळत आणि मागे फक्त भिंती उरत.

यावर लोखंडी तुळयांचा उपाय निघाला होता. लोखंड जळत नाही, पण मोठ्या आगीत तापून त्याची ताकद झपाट्याने घटते आणि तुळई वाकते. शिवाय ते महाग होते. गिरण्यांचे आणि गोदामांचे मालक या प्रश्नाने बेजार होते.

काँक्रीटकडे ते कसे वळले?

याचे निमित्त आगीचेच झाले. बेल्जियमच्या किनाऱ्यावर लोम्बार्डझाइड येथे एका व्हिलाचे काम एनबिक यांच्याकडे होते. आगीच्या भीतीने मालकाला लाकडी मजले नको होते, असे सांगितले जाते. एनबिक यांनी लोखंडाला काँक्रीटचे कवच देण्याचा मार्ग धरला. ते स्वतः आपल्या पद्धतीची सुरुवात १८७९ पासून मोजत.

लोखंड आणि सिमेंट एकत्र आणण्याची कल्पना मात्र त्यांची नव्हती. जोझेफ मोनिए या फ्रेंच बागकाम व्यावसायिकाने झाडांच्या कुंड्यांसाठी तारांची जाळी घातलेले सिमेंट वापरले होते आणि १८६७ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. त्यानंतर टाक्या, पाइप, पूल अशी मोनिए यांची पेटंटे वाढत गेली. अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनीतही प्रयोग चालू होते. कल्पना हवेत होती, पण संपूर्ण इमारत तिच्यावर उभी करण्याची सुटसुटीत रीत अजून रुळायची होती.

काँक्रीटमध्ये सळई का लागते?

काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची क्षमता दाबाच्या साधारण एक दशांशच असते. बीमवर भार आला की तो मध्यभागी किंचित खाली झुकतो. तेव्हा त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. नुसत्या काँक्रीटचा बीम खालून तडकून मोडेल. तिथे पोलादी सळई टाकली की ताण ती घेते.

ही जोडी जमण्याची आणखी दोन कारणे आहेत. तापमान वाढले की काँक्रीट आणि पोलाद जवळपास सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे ऊन-थंडीत ते एकमेकांपासून सुटत नाहीत. दुसरे म्हणजे काँक्रीट अल्कधर्मी असते, म्हणून आतली सळई सहसा गंजत नाही. मात्र त्यासाठी सळईभोवती काँक्रीटचा पुरेसा थर हवा.

एनबिक यांच्या पद्धतीत नवे काय होते?

१८९२ मध्ये त्यांनी बेल्जियम आणि फ्रान्समध्ये पेटंट घेतले आणि पुढच्या काही वर्षांत त्यात सुधारणा केल्या. त्यातील चार गोष्टी आजही प्रत्येक साइटवर दिसतात.

पहिली, रिंगा. बीमच्या टोकाजवळ तिरक्या भेगा पडतात, कारण तिथे कातरबल जास्त असते. ते रोखण्यासाठी एनबिक यांनी खालच्या सळयांना कवेत घेणाऱ्या, इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या उभ्या बसवल्या. आजच्या साइटवरच्या बंद रिंगेची ही आधीची पायरी.

दुसरी, वाकवलेली सळई. बीम अनेक कॉलमवरून सलग जातो तेव्हा मध्यभागी खालची बाजू ताणली जाते, पण कॉलमच्या डोक्यावर उलटे घडते. तिथे ताण वरच्या बाजूला येतो. म्हणून काही सळया टोकाकडे तिरक्या वर नेल्या. साइटवर याला क्रँक म्हणतात.

तिसरी, स्लॅब आणि बीम एकत्र भरणे. त्यामुळे स्लॅबचा काही भाग बीमचाच पंख बनतो आणि इंग्रजी टी अक्षरासारखा मजबूत छेद मिळतो. कमी साहित्यात जास्त गाळा पार करता येतो.

चौथी गोष्ट बाकी तिघींना जोडणारी. कॉलम, बीम आणि स्लॅबच्या सळया एकमेकींत अडकवून सगळे काँक्रीटने जोडले की इमारत सुट्या तुकड्यांची राहत नाही. ती एकसंध होते. लोखंडी इमारतीत तुळया रिव्हेटने जोडाव्या लागत. इथे सांधा ओतूनच तयार होत होता.

विशेष म्हणजे साध्या गोल सळया, पट्ट्या आणि लाकडी साचे एवढ्यावर हे सगळे जमत होते. महागड्या खास आकाराच्या लोखंडाची गरज नव्हती.

मग हा व्यवसाय जगभर कसा पसरला?

पेटंट घेतल्यावर एनबिक यांनी स्वतः बांधकामाचे ठेके घेणे सोडले. हा निर्णय पेटंटाइतकाच महत्त्वाचा ठरला. सळई काँक्रीटमध्ये दडत असल्याने काम नीट झाले की नाही हे नंतर कळायला मार्ग नव्हता. म्हणून त्यांनी कामाची विभागणी केली. नकाशे आणि सळयांचा हिशेब त्यांची मध्यवर्ती कचेरी करणार. बांधकाम फक्त परवाना दिलेले ठेकेदार करणार. गावोगावचे प्रतिनिधी कामे आणणार. कचेरीला प्रत्येक कामामागे मोबदला मिळणार.

आधी ब्रसेल्स आणि मग पॅरिस असे मुख्यालय हलले. १८९८ मध्ये ल बेतों आर्मे, म्हणजे सळईयुक्त काँक्रीट, या नावाचे मासिक सुरू झाले. त्यात पूर्ण झालेल्या कामांची छायाचित्रे आणि स्लॅबवर वजने ठेवून घेतलेल्या चाचण्यांची माहिती येई. जाहिरातीचा मुख्य सूर एकच होता : आगीपासून सुटका.

सुरुवातीची गिऱ्हाइके अर्थातच कारखानदार होते. फ्रान्समधील तूर्क्वें येथे १८९५ मध्ये सूतगिरणी झाली. भार सांगाड्यावर गेल्याने तिच्या भिंतींत प्रचंड खिडक्या बसल्या. वेल्समधील स्वान्सी येथे १८९७-९८ मध्ये पिठाची गिरणी उभी राहिली. ब्रिटनमधील ही पहिली आरसीसी सांगाड्याची बहुमजली इमारत मानली जाते. इटलीत जेनोवा बंदरातील धान्याचे कोठार तर आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १८९२ ते १९०२ या दहा वर्षांत त्यांच्या पद्धतीने सात हजारांवर बांधकामे झाली. १९०९ पर्यंत निरनिराळ्या देशांत मिळून ६२ कचेऱ्या झाल्या होत्या.

राहत्या इमारतींत ही पद्धत कधी आली?

गिरणी काँक्रीटची चालेल, पण घर काँक्रीटचे? पॅरिसच्या मध्यमवर्गाला ते रुचणे अवघड होते. दगडी दर्शनी भाग ही तिथे प्रतिष्ठेची खूण होती. एनबिक यांनी उत्तर म्हणून स्वतःचीच इमारत पुढे केली. पॅरिसच्या रू दांतों या रस्त्यावर, पहिल्या क्रमांकाच्या जागेवर, १९०० पर्यंत त्यांच्या कंपनीची बहुमजली इमारत उभी राहिली. तिचे वास्तुरचनाकार एदुआर आर्नो होते. बाहेरून ती शेजारच्या दगडी इमारतींसारखीच दिसते. कोरीव वाटणारे नक्षीकामही काँक्रीटचे आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला फरक कळू नये, हाच त्यामागचा हेतू होता.

स्वतःच्या घरात मात्र त्यांनी काँक्रीट लपवले नाही. पॅरिसच्या दक्षिणेला बूर-ला-रेन येथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी बांधलेला बंगला म्हणजे पद्धतीचे प्रदर्शनच होते. आधाराविना बाहेर झेपावणारे भाग, गच्चीवर बाग आणि मिनारासारखा मनोरा, ज्याच्या आत पाण्याची टाकी होती. लाकडी छपरावर ना बाग करता आली असती, ना टाकी ठेवता आली असती. हे घर आज फ्रान्सच्या संरक्षित वास्तूंमध्ये गणले जाते.

याच सुमारास, १९०३-०४ मध्ये, ओग्युस्त पेरे आणि त्यांच्या भावाने पॅरिसच्या रू फ्रांक्लँवर सदनिकांची इमारत बांधली. तिच्या दर्शनी भागातच आरसीसीचा सांगाडा वाचता येतो. मधल्या जागा खिडक्या आणि सिरॅमिक टाइल्सनी भरलेल्या आहेत. भिंत भार घेत नसल्याने खोल्यांची आखणी मोकळी झाली. आजच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्यांमधली वीटभिंत हलवण्याचा विचार तरी करता येतो, तो याच बदलामुळे.

गणित न मांडता इमारती कशा उभ्या राहिल्या?

एनबिक यांची सूत्रे अनुभवातून आलेली आणि ढोबळ होती. ती चालत, कारण त्यांच्या कचेरीने हजारो नकाशे केले होते आणि चाचण्यांचे आकडे जवळ होते. पण अभियंत्यांना ते पुरेसे वाटत नव्हते. एनबिक यांनाही सिद्धांतवाद्यांविषयी फारसा आदर नव्हता.

झुरिचचे प्राध्यापक विल्हेल्म रिटर यांनी १८९९ मध्ये ही पद्धत गंभीरपणे तपासली. बीममधील रिंगा नेमके काय करतात, याचे उत्तर त्यांनी दिले. तडे गेलेला बीम आतून एखाद्या त्रिकोणी जोडणीच्या पुलासारखा वागतो : तिरके काँक्रीट दाब घेते, उभ्या रिंगा ताण घेतात आणि खालची सळई सगळ्याला बांधून ठेवते. गवंड्याच्या अंदाजाला अशी शास्त्राची बैठक मिळाली. रिंगा किती अंतरावर टाकायच्या याचा हिशेब करताना अभियंते आजही याच कल्पनेचा आधार घेतात.

बाझेलमध्ये काय घडले?

२८ ऑगस्ट १९०१ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात एनबिक पद्धतीने बांधले जात असलेले एक हॉटेल कोसळले. कामावरचे मजूर ढिगाऱ्याखाली सापडले आणि त्यांच्यातील काही जण दगावले. चौकशी समितीत रिटरही होते. समितीने वाळू-खडीचा दर्जा, साहित्याच्या चाचण्यांचा अभाव, देखरेखीतील ढिलाई आणि साचे काढण्यातील घाई यांवर बोट ठेवले.

एनबिक यांच्या व्यवस्थेतील कच्चा दुवा यातून उघडा पडला. नकाशा कितीही चोख असला तरी वाळू धुतलेली आहे का, काँक्रीट पुरेसे घट्ट झाले आहे का, हे शेकडो किलोमीटर दूरच्या कचेरीतून दिसत नव्हते. एका कंपनीच्या नावावर विश्वास ठेवून इमारती बांधण्याचे दिवस संपत आले होते.

त्यानंतर काही वर्षांतच सरकारे आणि अभियंत्यांच्या संस्था पुढे आल्या. स्वित्झर्लंडमध्ये १९०३ मध्ये, प्रशियात १९०४ मध्ये आणि फ्रान्समध्ये ऑक्टोबर १९०६ मध्ये आरसीसीसाठी नियम जाहीर झाले. आता ही पद्धत कुणाची खासगी विद्या राहिली नाही. नियम पाळणारा कुणीही अभियंता ती वापरू शकत होता.

पेटंटचे पुढे काय झाले?

त्याच काळात एनबिक यांना आणखी एक फटका बसला. १९०३ मध्ये फ्रेंच न्यायालयात त्यांचे पेटंट टिकले नाही. मोनिए यांच्या १८७८ च्या पेटंटमध्ये मूळ कल्पना आधीच आली आहे, असे ठरले. आपली सुरुवात १८७९ ची म्हणणाऱ्या एनबिक यांना एका वर्षाने मागे टाकणारा हा निकाल होता. मोनिए यांना मात्र त्याचा काहीच लाभ झाला नाही. त्यांचा धंदा आधीच बुडाला होता आणि १९०६ मध्ये हलाखीत त्यांचा मृत्यू झाला.

पेटंट गेले तरी एनबिक यांची कंपनी बसली नाही. तोवर त्यांच्याकडे कागदी हक्कापेक्षा मोलाची गोष्ट जमा झाली होती : अनुभवी माणसे आणि हजारो कामांची नोंद. लिव्हरपूलची रॉयल लिव्हर बिल्डिंग त्यांच्याच पद्धतीने १९११ मध्ये पूर्ण झाली. त्याच वर्षी रोममध्ये टायबर नदीवर त्यांनी १०० मीटरच्या एकाच कमानीचा पूल बांधून दाखवला.

अखेरची वर्षे कशी गेली?

पहिल्या महायुद्धात अरासचा परिसर आघाडीवर आला. १९१५ च्या लढाईत घराघरासाठी झुंज झाली आणि एनबिक यांचे जन्मगाव नव्हील-सां-व्हास्त जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले. आयुष्याची सुरुवात दगडी इमारती सावरण्यात घालवलेल्या माणसाचे स्वतःचेच गाव दगडांचा ढीग झाले होते. ७ मार्च १९२१ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. युद्धाने पडलेल्या फ्रान्सची पुनर्बांधणी तेव्हा सुरू झाली होती आणि तीत आरसीसीचा मोठा वाटा होता. कंपनी त्यांच्यानंतरही अनेक दशके चालू राहिली.

आजच्या इमारतीत त्यांचे काय उरले आहे?

सांगाडा तोच आहे. मुंबईत मरिन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींपासून आज उपनगरात उभ्या राहणाऱ्या सात-आठ मजली सोसायट्यांपर्यंत कॉलम, बीम आणि स्लॅबची भाषा बदललेली नाही. साहित्य मात्र सुधारले. गुळगुळीत सळईच्या जागी पीळदार नक्षीची टीएमटी सळई आली, जी काँक्रीटला घट्ट धरते. एनबिक यांच्या कॉलममध्ये आडव्या पट्ट्या दूर दूर असत. भूकंपांनी शिकवलेल्या धड्यांनंतर आता रिंगा जवळ जवळ, विशेषतः कॉलम-बीमच्या सांध्यापाशी, आणि टोके १३५ अंशांत आत वळवून टाकाव्या लागतात. विटांच्या जागी हलके एएसी ब्लॉक आले. अनेक नव्या प्रकल्पांत अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकाच वेळी भरतात. अशा इमारतीत भिंतच पुन्हा भार घेते, म्हणून ती तोडता येत नाही. फ्लॅटमध्ये तोडफोड करण्यापूर्वी आपली इमारत कोणत्या पद्धतीची आहे हे विचारणे त्यामुळेच आवश्यक आहे.

बाझेलचा धडाही तसाच लागू आहे. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे १४ दिवस काढायचे नसतात. सहा मीटरहून लांब बीमसाठी ही मुदत २१ दिवसांची आहे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंट किंवा कोरड्या उष्ण हवेत किमान १० दिवस पाणी मारावे लागते. सळईभोवतीचे कव्हर सौम्य हवामानात २० मिलिमीटर पुरते, पण समुद्राकाठच्या तीव्र परिस्थितीत ते ४५ मिलिमीटर लागते. हे कव्हर कमी पडले तर खारी हवा आणि ओल सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजून फुगते आणि काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे पडू लागतात.

यातली एकही गोष्ट घराचा ताबा घेताना दिसत नाही. दिसतात त्या टाइल्स, रंग आणि नळ. म्हणून स्लॅब भरण्याआधी सळयांची तपासणी झाली का, कव्हर ब्लॉक लावले होते का, काँक्रीटचे क्यूब ७ आणि २८ दिवसांनी तपासले का, याच्या नोंदी मागणे हा ग्राहकाच्या हिताचा प्रश्न आहे. एनबिक यांनी झाकल्या जाणाऱ्या कामाची हमी आपल्या नावावर देऊ पाहिली. ती हमी पुरत नाही, हे बाझेलमध्ये कळले. तेव्हापासून आरसीसी इमारतीची खरी हमी काँक्रीट पडण्याआधी साइटवर उभे राहून केलेल्या तपासणीतच आहे.